सत्तर मीटर, सात मीटर, एक वीत

वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत इथे मोजलेली माणसं १३,००,७७४. आता जरा वेडगळ हिशेब करू. या तेरा लाखांना घरादारांतून, दुकानांतून, कचेऱ्यांतून बाहेर काढलं आणि जिल्हाभर सारख्या अंतरावर उभं केलं, मग कपाशीचं शेत येवो, बोरचं जंगल येवो की धाम नदीचं पात्र येवो, तर प्रत्येकाच्या वाट्याला एकराहून थोडी जास्त जागा येते. दोन माणसांत अंतर पडतं सत्तर मीटरचं. एवढ्या लांबून चेहरा धड दिसत नाही. पण सेलूच्या माणसाला चेहरा लागतो कुठे? तो चालीवरून ओळखतो. "तो येऊन रायला तो अमक्याचा लहाना पोरगा व्हय ना?"

हे सेलू वर्धा जिल्ह्यातलं, परभणीतलं नव्हे. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, बोर नदीकाठचं, एकेकाळी केळीच्या बागांसाठी नावाजलेलं तालुक्याचं गाव. दहा मिनिटं चाललं की वस्ती संपते आणि शेतं लागतात. इथला पोरगा शिकून पुण्या-मुंबईला जातो आणि दिवाळीला घरी आला की एकच तक्रार करतो: "तिकडं कोनी कोनाशी बोलतच नाही." आईला हे पटत नाही. इतकी माणसं असताना कोणीच कसं बोलत नाही? आईचा प्रश्न गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

कारण तोच खेळ मुंबईत खेळून पाहा. ६०३ चौरस किलोमीटर जागा, १,२४,४२,३७३ माणसं. सारख्या अंतरावर उभी केली तर दोघांत सात मीटर. वर्ध्याच्या बरोब्बर एक दशांश. सात मीटरवर साधं बोललेलंही ऐकू येतं. (आकडे २०११ चेच घ्यावे लागतात, २०२१ ची जनगणना झालीच नाही.) आता या माणसांना सकाळच्या लोकलमध्ये चढवा. रेल्वेच्या हिशेबाने ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. सोळा धरली तर प्रत्येकाला पंचवीस सेंटीमीटर लांब, पंचवीस सेंटीमीटर रुंद चौकोन मिळतो. म्हणजे जवळजवळ एक वीत. सत्तर मीटर, सात मीटर, एक वीत.

या विती-वितीच्या मापाने आख्खा वर्धा जिल्हा वीस एकरांत उभा राहतो. कोणाही मध्यम शेतकऱ्याचं वावर तेवढं असतं. त्या जनगणनेतला सगळा महाराष्ट्र, ११ कोटी २३ लाख माणसं, सात चौरस किलोमीटरमध्ये मावतो. आणि आज पृथ्वीवर असलेली सगळी माणसं, साधारण ८२० कोटी, चिनी, नायजेरियन, ब्राझिलियन, झाडून सारी, लोकलच्या दाटीने उभी केली तर ५१२ चौरस किलोमीटर पुरतात. मुंबईत सगळी मानवजात उभी राहते आणि नव्वद चौरस किलोमीटर जागा उरते.

जवळीक जर अंतरावर ठरत असती, तर विरार लोकलमधला माणूस सेलूच्या माणसापेक्षा दोनशे ऐंशी पटींनी कमी एकटा असायला हवा होता.

तसं नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. पण संशोधन झालेलं आहे आणि त्यातले आकडे गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या जूनमध्ये अहवाल दिला. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणाचा त्रास आहे आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, म्हणजे तासाला शंभर. त्याआधी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या ३,०८,८४९ माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. आपल्याकडे असं खातं निघालं तर त्याच्या बाहेर रांग लागेल आणि त्या रांगेत लोक एकमेकांशी बोलतील, हा भाग वेगळा.

मग माणसं वितीवर आली तरी जवळ का येत नाहीत? पहिलं उत्तर डोक्याच्या मापात आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना किती चेहरे ओळखता येतात ते मोजलं. घरचे, शाळेतले, सिनेमातले, पुढारी सगळे धरून सरासरी आकडा आला पाच हजार. आता गंमत पाहा. बारा डब्यांच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्येही माणसं असतात पाच हजारांच्याच आसपास. म्हणजे जन्मभर जपून ठेवता येतील तेवढे चेहरे एका गाडीतून उतरतात, आणि तीन-चार मिनिटांनी दुसरी गाडी लागते. मुंबईत दिवसाला अशा तीन हजारांवर फेऱ्या. दहा हजार वस्तीच्या गावात निम्मा गाव डोक्यात मावतो. मुंबईत अडीच हजारांत एक.

चेहरा ओळखणं सोपं, माणूस ओळखणं अवघड. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूवरून हिशेब मांडून सांगितलं की माणूस साधारण दीडशे जणांशीच खरे संबंध ठेवू शकतो. हा आकडा फार लाडका झाला आहे. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तोच हिशेब नव्याने केला तर उत्तर दोन-चारपासून पाचशेपर्यंत काहीही येऊ लागलं, तेव्हा दीडशेला फार चिकटू नये. पण तो हजारांत नाही एवढं धरून चालू. मुंबईत जितक्या जोड्या लागू शकतात, म्हणजे कोणाही दोघांची ओळख, त्यांची संख्या आहे ७७ लाख कोटी. प्रत्येक मुंबईकराने आपले दीडशे जण मुंबईतच जमवले तरी त्यांतल्या ९३ कोटी जोड्या जुळतात. उरलेल्या? दर ८३ हजार माणसांत एक आपला, बाकी परके. दहा हजारांच्या गावात दर सदुसष्टांत एक आपला.

दुसरं उत्तर वेळेचं. सगळ्या मुंबईला एकेकाला एकेक सेकंदाचा नमस्कार करायचा म्हटलं तर न झोपता, न जेवता १४४ दिवस लागतात. दहा हजारांचं गाव पावणेतीन तासांत उरकतं. लग्नात उभ्या असलेल्या नवरा-नवरीला हा अनुभव असतो. नमस्काराऐवजी प्रत्येकाशी मिनिटभर बोलायचं ठरवलं तर साडेतेवीस वर्षांच्या वर, तेही रात्रंदिवस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये एक आकडेवारी वापरली होती. न्यूयॉर्कच्या एका उपनगरात दहा मिनिटांच्या अंतरात ११ हजार माणसांशी गाठ पडू शकते, नेवार्कमध्ये २० हजारांशी, मॅनहॅटनच्या मध्यभागी २ लाख २० हजारांशी. त्यांचं म्हणणं असं की एवढा मारा झाला की माणूस गाळण लावतो. पडलेल्याला उचलत नाही, धक्का लागला तर माफी मागत नाही, वाट विचारणाऱ्याकडे बघत नाही. बर्लिनमध्ये राहणाऱ्या गेऑर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाने हेच १९०३ मध्ये लिहून ठेवलं आहे. गावात देतो तसा प्रत्येक भेटीला मनातून प्रतिसाद द्यायला लागलो, तर शहरात माणूस वेडा होईल. तेव्हा मुंबईकराचा तो दगडी चेहरा म्हणजे उद्धटपणा नव्हे, छत्री आहे. सेलूच्या आईला हे सांगून पाहावं. ती म्हणेल, "पाऊस नसला तं बंद कराव ना बापा."

तिसरं उत्तर लोक पटकन देतात: बाहेरचे फार झाले, भाषा वेगळ्या, माणसं वेगळी. २०११ मध्ये मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे ४४ लाख, हिंदी ३६ लाख, गुजराती आणि उर्दू प्रत्येकी चौदा लाखांच्या वर. यावरून कोणतेही दोन मुंबईकर डोळे मिटून उचलले तर दोघांची मातृभाषा एकच निघण्याची शक्यता चारात एक. चारांतल्या तीन वेळा दोघांनाही, किंवा निदान एकाला, आपलं घरचं बोलणं बाजूला ठेवावं लागतं. रॉबर्ट पटनम यांनी अमेरिकेत तीस हजार लोकांच्या पाहणीवरून २००७ मध्ये असंच मांडलं की सरमिसळ वस्तीत माणसं अंग चोरून राहतात, अगदी आपल्यासारख्यांपासूनसुद्धा. मला हे मुंबईला अर्धंच लागू वाटतं. बंबइया हिंदी नावाचा जो काही प्रकार आहे तो चारांतल्या त्या तीन जोड्यांनीच घडवला, आणि भांडण, भाजी, प्रेम, सगळं त्यात होतं. तुसडेपणा मला जास्त दिसतो तो एकाच जातीच्या, एकाच जेवणाच्या सोसायट्यांच्या फाटकावर. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली परिसरात १,४७९ जणांना भाड्याचं घर शोधायला लावलं. सवर्ण नावाला घर मिळत गेलं. दलित नावाच्या १८ टक्के आणि मुस्लिम नावाच्या ३१ टक्के लोकांना सरळ नकार मिळाला. इथे गर्दीचा, मेंदूच्या मापाचा काही संबंध नाही. समोरच्याची पूर्ण ओळख करून घेऊन मग लावलेलं दार आहे हे.

आणि ते दार सेलूकडच्या गावांनी शहरांच्या कितीतरी आधी लावलेलं आहे. गांधीजी १९३६ मध्ये जवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला येऊन राहिले आणि खेडं हाच देश म्हणाले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची कोती, अज्ञानी, जातीयवादी म्हणून खरडपट्टी काढली. ज्याला सगळा गाव आडनावासकट ओळखतो त्यालाच कळतं की कोणी न ओळखणं ही केवढी चैन असते. आकडेही गावाच्या बाजूने सरळ उभे राहत नाहीत. देशभरच्या ७२ हजारांवर लोकांच्या २०१७-१८ मधल्या पाहणीत साठीपुढचे शंभरातले सहाच्या आसपास लोक एकटे राहत होते, आणि त्यांचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त होतं. पोरं गेली, घर राहिलं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्ह्यात रोज सहाशे माणसांची भर पडत होती, वर्धा जिल्ह्यात रोज सतरा-अठरा. आणि शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यांत वर्धा आहे. फास घेणाऱ्यांपैकी कोणीही अनोळखी नव्हता. गावात सगळे त्याला ओळखत होते, त्याचं कर्ज किती आहे हेही ओळखत होते.

म्हणजे माणसांची संख्या हा मुद्दा नाही, अंतर हाही नाही. मला विचाराल तर सगळं एका साध्या गोष्टीवर येऊन थांबतं: तेच माणूस परत भेटतं का, आणि न ठरवता भेटतं का? सेलूत ते टाळता येत नाही. बसस्टँडवर, पानठेल्यावर, दवाखान्याच्या बाकावर, तोच. शहरात ते घडवून आणावं लागतं, आणि पूर्वी घरांची रचनाच ते घडवून आणत असे.

अमेरिकेत एमआयटीच्या आवारातल्या वसतिगृहात लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये छापून आला. एका मजल्यावर पाचच घरं, दारादारांत जेमतेम सहा मीटर. अगदी शेजारच्या घरातल्यांपैकी ४१ टक्क्यांना लोकांनी जवळचे मित्र म्हटलं. दोन दारं पलीकडचे २२ टक्के. मजल्याच्या पार टोकाचे १० टक्के. स्वभाव, आवडीनिवडी, धर्म राहिले बाजूला. दहा-वीस पावलांनी मैत्रीचा फैसला केला.

हाच प्रयोग मुंबईने शंभर वर्षं चालवला. १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२, मिळून २०७. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास-मोरी सामाईक. आता टोकाच्या खोलीतला माणूस धरा. सकाळी टमरेल घेऊन निघाला की जाताना-येताना किती उघड्या दारांवरून जातो? कोणाच्या घरी दूध उतू गेलं, कोणाकडे पाहुणे झोपलेत, कोणाचा स्टोव्ह आज पेटला नाही, हे त्याला विचारावं लागत नाही. दिवसाला पाच-सहा फेऱ्या आणि फेरीला दहा-बारा दारं धरली तरी वर्षाला वीस हजारांवर वेळा डोकावणं होतं. १६० चौरस फुटांत सात-आठ जण झोपण्याला मी रम्य म्हणणार नाही. ज्यांनी ते भोगलं त्यांनी नव्या घराची वाट पाहिली यात चूक काही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा तिपटीहून जास्त. दार मात्र आता बंद ठेवायचं असतं.

बंद दाराचा आकडा किती मोठा होऊ शकतो? ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरी परिसरातल्या एका बहुमजली इमारतीत एका बाईंचा सांगाडा सापडला. मुलाशी त्यांचं शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मधलं. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने मुलाला झोडपलं. पण खाली रखवालदार होता, वर-खाली बिऱ्हाडं होती, दर महिन्याला सोसायटीचं बिल निघत होतं. जपानमध्ये हे इतकं होतं की पोलीस मोजदाद ठेवतात. २०२४ मध्ये घरात एकट्याने मेलेली माणसं ७६,०२०, आणि त्यांतल्या २१,८५६ जणांचा पत्ता लागायला आठ दिवस किंवा जास्त लागले. इकडे मुंबईत, २०११ च्या मोजणीत, पावणेपाच लाखांवर घरं रिकामी पडलेली होती. ज्या शहरात चाळीस टक्क्यांवर माणसं झोपडपट्टीत, तिथे शेजार असा की पलीकडे कोणीच नाही.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीचे तास मोजले. नुसत्या ओळखीचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावा असा व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. हा आकडा हातात घेतला की शहराचं बरंच काही उलगडतं. लोकलचे ग्रुपच घ्या. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच खिडकी, तासभराचा प्रवास. जाऊन-येऊन शंभर दिवसांत दोनशे तास. म्हणून त्या डब्यात भजनं होतात, टाळ वाजतात, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होतं, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात आणि पूजा होते. एकजण दोन दिवस दिसला नाही तर फोन जातो. आणि हाच ग्रुप अनोळख्याला रुमाल टाकलेल्या जागेवर बसू देत नाही; विरार गाडीत बोरिवलीचा माणूस चढला तर उतरू देईलच याची खात्री नाही. जिव्हाळा आणि तुसडेपणा एकाच बाकावर, मांडीला मांडी लावून.

लिफ्टमध्ये मात्र तास जमत नाहीत. शेजारी रोज दोनदा भेटला, प्रत्येक वेळी वीस सेकंद, आणि दोघांनीही फोनमधून डोकं वर काढलं असं औदार्याने धरलं, तर दोनशे तास भरायला १८ हजार दिवस लागतात. एकोणपन्नास वर्षं. सोसायटीची वार्षिक सभा दोन तासांची धरली तर पूर्ण शंभर, आणि त्यातला बराचसा वेळ पार्किंगवरून भांडण्यात जातो.

सेलूच्या पोराकडे एकोणपन्नास वर्षं नसतात. त्याच्याकडे असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार, अकरा महिन्यांचा. दिवसाला चाळीस सेकंदांनी अकरा महिन्यांत शेजाऱ्याबरोबर होतात तीन तास चाळीस मिनिटं. साध्या मैत्रीलाही अजून शेहेचाळीस तास कमी. तेवढ्यात दलालाचा फोन येतो, भाडं वाढवून मागतात, पोरगा दोन बॅगा आणि गादी टेम्पोत टाकून पुढच्या सोसायटीत जातो, आणि फाटकावरचा रखवालदार रजिस्टर पुढे सरकवून विचारतो, "किसके यहाँ जाना है?"